मिरचीचे गणगोत

चैत्र सरत आला की ठाण्याच्या खाडीच्या या तीरावर दोन गोष्टी हटकून सुरू होतात. एक व्याख्यानमाला आणि दुसरी मसाल्याची धांदल. गच्चीवर, गॅलरीत, इमारतीच्या आवारात, जिथे ऊन पडेल तिथे जुन्या साड्यांवर लाल मिरची पसरलेली दिसते आणि मिरची कांडपाच्या यंत्राभोवती ठसक्यांची साथ येते. तुर्भ्याच्या मसाला बाजारात या दिवसांत गेलेल्या कोणालाही विचारा, मिरची नावाची एकच वस्तू तिथे नाही. ब्याडगी आहे, काश्मिरी आहे, गुंटूर आहे, तेजा, पांडी, संकेश्वरी, लवंगी आहे. आणि आमच्या आगरी-कोळी भगिनी त्यांतली प्रत्येक ठरावीक प्रमाणात मागून घेतात. रंगासाठी ही, तिखटासाठी ती, चवीला आणखी एक. प्रयोगशाळेत जे काम तक्ते मांडून करतात, तेच काम त्या ओंजळीने आणि नजरेने करतात.

श्रोतेहो, आजचा विषय या नजरेचाच आहे. एका झाडाची इतकी रूपे झाली कशी? त्यांतले कोणते फरक बियांबरोबर पुढच्या पिढीत जातात आणि कोणते नुसते जमिनीचे, पावसाचे देणे असतात? आणि ही रूपे टिकली काय किंवा गेली काय, आपल्या ताटात त्याने काय फरक पडतो? या तीन प्रश्नांची उत्तरे क्रमाने पाहू.

परदेशाहून आलेली सून

मिरची मूळची आपली नव्हे, हे प्रथम सांगून टाकावे. तिचे माहेर अमेरिका खंडात. मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडील मुलखात सहा हजार वर्षांपूर्वी लोक ती लावीत होते, याचे पुरावे उत्खननांत सापडले आहेत. १४९२ साली कोलंबस निघाला तो मिऱ्यांच्या शोधात. मिरी त्याला मिळाली नाही. मिळाली ती मिरची. जिभेला चटका बसला म्हणून त्याने तिला मिऱ्याच्याच नावाने ओळखले. गंमत अशी की आपणही तेच केले. मिरीवरूनच 'मिरची' हा शब्द घडला. दोन खंडांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकाच युक्तीने नाव ठेवले.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यानंतरच्या काही दशकांत मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. मुंबईकडे तिला एके काळी 'गोवाई मिरची' म्हणत असत, अशी नोंद आहे. येथे एक कोडे रसिकांपुढे ठेवतो. संत सावता माळी तेराव्या शतकातले. आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहणारा त्यांचा अभंग सर्वांना पाठ आहे, आणि त्या अभंगात मिरचीचे नाव येते! कोलंबसाच्या आधी दोनशे वर्षे ती अरणच्या मळ्यात कशी आली? एक उत्तर असे की मुखोद्गत अभंगात पुढच्या पिढ्यांनी आपल्या रोजच्या भाज्या बसवल्या. दुसरे असे की त्या काळी या शब्दाने एखाद्या दुसऱ्या तिखट पदार्थाचा बोध होत असावा. कोणतेही उत्तर धरले तरी एक गोष्ट उरतेच. मिरची आपल्यात इतकी मिसळून गेली की ती नसलेला मळा मराठी मनाला कल्पिताही येईना. तिच्या आधी इथे तिखटाचे काम मिरी, पिंपळी आणि आले करीत होते. ही नवी सून आली आणि चारशे-पाचशे वर्षांत घरची कर्ती झाली.

या चारशे-पाचशे वर्षांतच आपल्या सगळ्या गावठी वाणांचा जन्म झाला. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, मिरचीही बदलली. शेतकऱ्याने दरवर्षी आपल्या पसंतीची फळे बियाण्यासाठी राखली, काळ्या जमिनीने काही झाडे टिकवली, कोकणातल्या पावसाने काही मारली, आणि पन्नास-शंभर पिढ्यांनी त्या त्या गावची मिरची वेगळी दिसू लागली. ब्याडगी हे हावेरी जिल्ह्यातील गावाचे नाव, संकेश्वर बेळगाव जिल्ह्यातले, भिवापूर नागपूर जिल्ह्यातले, गुंटूर आंध्रातले. पत्त्यावरून माणसाला ओळखावे तसे आपण मिरचीला गावावरून ओळखतो.

जात आणि वाण

व्यवहारात आपण 'मिरचीच्या जाती' असे सरसकट म्हणतो. वनस्पतिशास्त्राची भाषा थोडी काटेकोर आहे. मिरची, वांगे, टोमॅटो, बटाटा ही सारी एका कुळातली भावंडे. त्या कुळात मिरचीच्या वंशाला 'कॅप्सिकम' म्हणतात. या वंशातल्या पाच जातींची माणसाने लागवड केली आणि प्रत्येक जातीत पुन्हा असंख्य वाण.

या पाच जाती ओळखायच्या कशा? फळाच्या आकारावर जाल तर फसाल. भोपळी मिरची आणि ब्याडगी यांच्या रूपात आकाशपाताळाचे अंतर, पण दोन्ही एकाच जातीच्या, 'ॲन्युअम'च्या. तुर्भ्याच्या बाजारातील बहुतेक साऱ्या पोत्यांची जात हीच. खरी ओळख फुलात असते. 'ॲन्युअम'चे फूल पांढरे, बहुधा बेचक्यात एकटेच. 'फ्रुटेसेन्स' या जातीचे फूल हिरवट पांढरे. फळे बारकी आणि आभाळाकडे तोंड करून. केरळातली कांधारी ही त्या जातीची. 'चायनेन्स' जातीत फळाच्या टोपीला, जिथे देठ फळाला मिळतो तिथे, कंकणासारखी आवळलेली कडा असते. आसाम-नागालँडची भूत जोलोकिया मुख्यतः या गोतातली, तरी तिच्यात 'फ्रुटेसेन्स'चे रक्तही मिसळलेले आढळते. चौथी 'बॅकेटम', तिच्या पाकळ्यांवर पिवळट-हिरवे ठिपके असतात. पाचवी 'प्युबेसेन्स', तिची पाने लवदार, फुले जांभळी आणि बी चक्क काळे. या शेवटच्या दोघी आपल्याकडे क्वचितच दिसतात.

नावे ठेवणारे पंडितही चुकतात बरे का. 'ॲन्युअम' म्हणजे वर्षायू. पण थंडी नसलेल्या प्रदेशात हेच झाड दोन-तीन वर्षे सहज जगते. 'चायनेन्स' म्हणजे चीनची. तिचा चीनशी काडीचा संबंध नाही, ती दक्षिण अमेरिकेची. नाव देणाऱ्याची समजूत चुकली आणि शास्त्राच्या नियमाप्रमाणे चुकीचे नाव कायम झाले.

झाडाकडे पाहावे कसे

मिरची विकत घेताना आपण फळ पाहतो. शेतकरी आधी झाड पाहतो, आणि संशोधक तर झाडाची अक्षरशः मोजमापे घेतो. १९९५ साली मिरचीच्या वर्णनासाठी एक आंतरराष्ट्रीय सूची प्रसिद्ध झाली. झाडाचा कोणता भाग, कोणत्या वेळी, कसा पाहावा आणि कसा नोंदवावा हे तीत ठरवून दिले आहे. रोपाचा दांडा हिरवा की जांभळा, पानावर लव आहे की नाही, झाड पसरट की सरळसोट, पन्नास टक्के झाडांना फूल यायला किती दिवस लागले, असे एकेक प्रश्न.

हे प्रश्न पोकळ नाहीत. मिरचीच्या झाडाची वाढ पाहिली तर एक सुंदर नियम दिसतो. खोड काही उंचीपर्यंत सरळ जाते, मग त्याचे टोक फुलात संपते आणि तेथून दोन फांद्या फुटतात. त्या प्रत्येक फांदीच्या टोकाला पुन्हा फूल, पुन्हा बेचके. एकाचे दोन, दोनाचे चार. म्हणजे फूल बेचक्यात बसते आणि जितकी बेचकी अधिक तितक्या फळांच्या जागा अधिक. म्हणून 'फांद्या किती' हा प्रश्न उत्पन्नाचाच प्रश्न असतो. काही वाणांत हा नियम थोडा बदलतो आणि एका जागी अनेक फळे येतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'फुले ज्योती' हा वाण असा झुपक्यांचा आहे. एकेका झुपक्यात चार-पाच मिरच्या. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेच्या 'पुसा सदाबहार'मध्येही फळे झुपक्याने आणि उभी येतात.

आता उभे आणि लोंबते यांतला फरक घ्या. रानटी मिरचीचे फळ बारीक, लाल, आभाळाकडे तोंड केलेले आणि पिकताच देठापासून सहज सुटणारे असते. हे सारे पाखरांसाठी. पाखराला ते लांबून दिसते, चोचीत अलगद येते. माणसाने मात्र उलट गुण निवडले. फळ मोठे हवे, पानाआड लोंबते हवे म्हणजे पाखरू नेणार नाही, आणि काढीपर्यंत देठाला घट्ट धरून राहणारे हवे. पिढ्यान् पिढ्या अशी निवड झाल्यावर आजची लांबट लोंबती मिरची तयार झाली. लोंबते आणि उभे यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत लोंबता गुण वरचढ ठरतो. उभेपण नाहीसे होत नाही, ते एक पिढी दडून बसते आणि नातवंडांत पुन्हा डोके वर काढते. मूर्ती लहान असलेली उभी मिरची अशी जुन्या काळाची आठवण सांगते.

फळाच्या आत

फळाचे गुण मोजायला बसले तर यादी लांबेल. लांबी, घेर, वजन, देठाची लांबी, टोक अणकुचीदार की बोथट, साल गुळगुळीत की सुरकुतलेली, आत कप्पे किती, बी किती. यांतले काही आपल्या घरच्या व्यवहाराला थेट भिडतात. भोपळी मिरचीची साल जाड आणि पाणीदार असते म्हणून ती भाजीला. उन्हात घातली तर वाळण्याआधी सडेल. वाळवायच्या मिरचीला पातळ साल हवी. ब्याडगीच्या दोन तऱ्हा बाजारात आहेत, 'डब्बी' आणि 'कड्डी'. डब्बी आखूड, फुगीर. कड्डी लांब, सडपातळ. सुरकुत्या दोन्हींना असतात. कानडीत 'कड्डी' म्हणजे काडी, तेव्हा नावातच वर्णन आले. 'पुसा ज्वाला' हा लांब, वाकडा, सुरकुतलेला फिकट हिरवा वाण दोन वेगळ्या आईबापांच्या संकरातून निवडलेला आहे. हिरव्या मिरचीच्या टोपलीत त्याच्यासारख्या मिरच्या आपण नेहमी पाहतो.

तिखटपणा फळात कोठे असतो? बहुतेकजण सांगतील, बियांत. हा समज खोटा आहे. मिरची उभी चिरून पाहा. आत पांढुरक्या शिरा दिसतात, ज्यांना बी चिकटलेले असते. तिखट द्रव्य, ज्याला 'कॅप्सेसिन' म्हणतात, ते या पांढऱ्या भागात तयार होते. बियांना ते नुसते माखलेले असते. म्हणून ज्यांना चव हवी पण झोंबणे नको, त्यांनी शिरा खरवडून काढाव्यात. नुसते बी झटकून भागत नाही.

हे द्रव्य झाडाने कशासाठी निर्माण केले? याचे उत्तर फार रंजक आहे. आपल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारे ग्राहक असतात. सुमारे त्रेचाळीस अंशांवर उष्णता गेली की ते मेंदूला 'भाजले' अशी वर्दी देतात. कॅप्सेसिन नेमके याच ग्राहकाचे दार उघडते. भाजलेले काहीच नसते, पण वर्दी मात्र तीच जाते. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांनी हा ग्राहक शोधून काढला आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. पाखरांचा ग्राहक थोडा निराळा घडलेला असतो. त्यावर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. म्हणून पोपट मिरची मिटक्या मारीत खातो. उंदरासारखा प्राणी दातांनी बी फोडून टाकतो, पाखरू ते अख्खे गिळून दूरवर टाकते. जो वैरी त्याला झोंबावे आणि जो सोयरा त्याला कळूही नये, अशी ही योजना. एकटा माणूस मात्र असा निघाला की ज्याने झोंबण्यालाच गोडी मानली! आणि जाता जाता एक सूचना: कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. तोंड भाजले तर पाण्याच्या तांब्यापेक्षा दह्याची वाटी जवळ करावी.

रंगाचा जमाखर्च वेगळा, तिखटाचा वेगळा

आपल्या विषयाचे मर्म येथे आहे. लाल दिसते ते तिखट असते, असा सर्वसाधारण समज. वस्तुतः फळ पिकताना लाल रंग देणारी द्रव्ये आणि तिखटपणा देणारे द्रव्य ही झाडाच्या दोन स्वतंत्र कारखान्यांची कामे आहेत. रंग सालीत, तिखट शिरांत. दोघांची जनुके वेगळी. मेंडेलने वाटाण्यात दाखवून दिले तसे हे गुण स्वतंत्रपणे पुढच्या पिढीत जाऊ शकतात. म्हणूनच गडद लाल पण सौम्य अशी ब्याडगी संभवते, आणि फारसा रंग नसून डोळ्यांत पाणी आणणारी मिरचीही संभवते.

भोपळी मिरची तिखट का नसते याचा उलगडा २००५ साली झाला. तिखटपणा चालू-बंद करणाऱ्या एका जनुकाचा मोठा तुकडाच तिच्यात गळालेला आहे. तिखट आणि भोपळी यांचा संकर केला तर पहिली पिढी तिखट निघते. दुसऱ्या पिढीत साधारण तीन तिखट आणि एक बिनतिखट असा हिशेब पडतो. तिखट असणे-नसणे हे एका जनुकाचे काम. पण किती तिखट, हे अनेक जनुके आणि हवामान मिळून ठरवतात.

तिखट मोजण्याची रीत विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट पातळ केला म्हणजे चाखणाऱ्यांना तिखट कळेनासे होते, तो आकडा तिचा मान. आता हे काम यंत्रे करतात, पण नाव त्याचेच राहिले. या मापाने भोपळी मिरची शून्य. गुंटूर सन्नम पस्तीस ते चाळीस हजार. भूत जोलोकिया दहा लाखांच्या वर, आणि २००७ साली जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून तिची गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. पुढे तिला मागे टाकणाऱ्या आल्या. २०२३ साली अमेरिकेतील एका वाणाची नोंद सव्वीस लाखांहून अधिक झाली. तो भाजीत घालायचा पदार्थ राहिला नाही, हे सांगणे नको.

आता मसाल्याकडे वळू. आपल्या घरातील जुनी माणसे तीन-चार प्रकारच्या मिरच्या मिसळायला सांगत, त्यात केवळ सवय नव्हती. रंग आणि तिखट यांचे जमाखर्च वेगळे आहेत हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. ब्याडगी वाढवली की रंग वाढतो, तिखट फारसे वाढत नाही. लवंगी वा संकेश्वरी मूठभर घातली की रंग तोच राहून झणका वाढतो. एकाच वाणावर भिस्त ठेवली असती तर हे दोन कान वेगवेगळे पिळता आले नसते. मसाल्याची चव वाणांच्या वैविध्यावर उभी आहे, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

रंगाला भाव आला की त्याची नक्कल करणारेही येतात. २००३ साली भारतातून युरोपात गेलेल्या तिखटात 'सुदान' नावाचा कारखान्यातला लाल रंग सापडला आणि २००५ साली ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ बाजारातून मागे घ्यावे लागले. कापड किंवा मेण रंगवायचा रंग पोटात जाणे किती घातक, ते सांगायला नको. अख्खी मिरची पाहून, मोडून, हुंगून घेणाऱ्या आणि डोळ्यांदेखत कांडून आणणाऱ्या गृहिणीला या फसवणुकीपासून पुष्कळसे संरक्षण आपोआप मिळते.

बीज की भूमी?

कोणी विचारील, मग ब्याडगीचे बी आणून खारघरच्या गच्चीत लावले तर ब्याडगी येईल का? येईल, पण तीच येईल असे नाही. मिरचीचा लांबटपणा, सुरकुत्या, टोपीचा आकार हे गुण बहुतांशी बियांबरोबर येतात. उंची, फळांची संख्या, तिखटाची मात्रा यांवर जमीन, पाणी, ऊन यांचा मोठा हात असतो. गोव्यातील काणकोण तालुक्यातली खोला मिरची डोंगरउतारावर, पावसाच्या पाण्यावर वाढते. पेडण्याकडची हरमल मिरची भात निघाल्यावर हिवाळ्यात घेतात. दोघी एका छोट्या राज्यातल्या, पण एकीचा ऋतू दुसरीला मानवत नाही. बीज आणि भूमी यांचा हा संसार असतो.

दोहोंचा वाटा वेगळा काढण्यासाठी शास्त्रज्ञ एक साधी युक्ती करतात. अनेक वाण एकाच शेतात, एकाच दिवशी लावतात. प्रत्येक वाणाचे तीन-चार वाफे शेतात निरनिराळ्या जागी विखरून ठेवतात. एकाच वाणाच्या वाफ्यांत जो फरक पडतो तो जमिनीचा. वाणावाणांत त्याहून जास्त जो फरक उरतो तो बियांचा. एवढ्या साध्या वजाबाकीवर पीकसुधारणेची मोठी इमारत उभी आहे.

पण दहा-पंधरा गुण एकाच वेळी पाहायचे झाले तर? एक वाण उंचीत जवळचा, पण रंगात दूरचा. मग तो जवळचा म्हणावा की दूरचा? या प्रश्नावर आपल्याच देशातील एक थोर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली मोजपट्टी दिली. माणसांच्या शरीराच्या मापांवरून निरनिराळ्या समाजांत किती अंतर आहे हे पाहण्यासाठी ती निघाली. अनेक गुण एकत्र घेऊन, त्यांचे परस्परसंबंध वजा करून, दोघांमधले एक अंतर ती सांगते. पुढे पीकशास्त्रज्ञांनी ती वाटाणा, भात, मिरची यांना लावली. या अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार दिसते: गावांचे अंतर आणि वाणांचे अंतर एक असेलच असे नाही. शेजारच्या गावातील दोन मिरच्या मनाने दूरच्या निघतात आणि दूरच्या दोघी सख्ख्या बहिणी. कारण बी माणसाबरोबर फिरते. लेक सासरी जाताना, बाजारकरी बाजाराला जाताना, मजूर हंगाम संपवून परतताना बियांची पुरचुंडी सोबत नेतो. मिरचीच्या नकाशात माणसांच्या वाटा उमटलेल्या असतात.

कशासाठी जपायचे?

आता शेवटचा आणि खरा प्रश्न. कोणी म्हणेल, कंपन्यांचे संकरित बी भरघोस पीक देते. ही जुनी गावठी वाणे गेली तर बिघडले काय? हा प्रश्न शेतकऱ्याच्या बाजूने विचारला तर रास्त आहे. ज्याचे पोट शेतावर आहे त्याला चवीच्या आठवणीसाठी कमी उत्पन्न घ्या असे आपण शहरातल्यांनी सांगू नये. संकरित बियाण्याने उत्पन्न वाढवले आहे, यात शंका नाही. पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

पहिली गोष्ट रोगराईची. पाने आखडून वाटीसारखी होतात त्या रोगाला आपला शेतकरी 'चुरडा-मुरडा' किंवा 'बोकड्या' म्हणतो. तो विषाणूमुळे होतो, फुलकिड्यांमुळे होतो, कोळ्यांमुळेही होतो. २०२१ च्या अखेरीस आग्नेय आशियातून आलेल्या एका नव्या फुलकिड्याने आंध्र आणि तेलंगणात मिरचीची हजारो एकर शेते झोडपली. अशा वेळी संशोधक प्रतिकारशक्ती शोधायला कोठे जातात? जुन्या वाणांकडे आणि रानटी नातलगांकडे. ज्या लवदार पानाकडे किंवा ज्या बारक्या उभ्या फळाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्यातच एखादे उपयोगी जनुक दडलेले असू शकते. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन संस्थेत आणि तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रात मिरचीचे नमुने म्हणूनच थंडगार कोठारांत जतन केले आहेत. मात्र कोठारातले बी झोपलेले असते. बदलत्या हवेशी, नव्या किडीशी झुंज देत बदलत राहणे हे शेतातल्याच बियांना साधते.

दुसरी गोष्ट भावाची आणि नावाची. २०११ साली ब्याडगी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले. भिवापूर, गोव्याच्या खोला आणि हरमल या मिरच्यांनाही ते मिळाले आहे. मानांकन नावाला संरक्षण देते. पण बाजारात ब्याडगीसारखी दिसणारी, अधिक उत्पन्नाची संकरित मिरची मोठ्या प्रमाणात येते आणि नाव मोठे झाले म्हणून मूळ वाण लावणाऱ्याला न्याय मिळतोच असे होत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ब्याडगीच्या बाजारात भाव एकाएकी कोसळले तेव्हा शेतकऱ्यांचा संताप इतका अनावर झाला की बाजार समितीच्या कचेरीची आणि वाहनांची जाळपोळ झाली. मिरची फक्त जिभेला झोंबते असे समजणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. पाच-सहा महिने उन्हातान्हात उभ्या राहिलेल्या माणसाचे सगळे वर्ष त्या एका दिवसाच्या लिलावात असते.

तिसरी गोष्ट बियांवरच्या हक्काची. संकरित मिरचीचे बी राखून पुढल्या वर्षी पेरले तर दडलेले गुण वर येतात आणि शेत एकसारखे निघत नाही. म्हणून दरवर्षी बी विकत घ्यावे लागते. गावठी वाणाचे बी घरचे असते. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि छाप न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. इतकेच नव्हे तर आपल्या परंपरागत वाणाची आपल्या नावे नोंद करता येते. हक्क कागदावर आहे. पण राखायला बीच उरले नाही तर त्या हक्काचे करायचे काय?

आपण नगरवासीयांनी

आपण सारे आता शहरात राहतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-रायगडातील ९५ गावांच्या जमिनीवर हे नगर उभे राहिले. भातखाचरे आणि मिठागरे गेली, पण गावठाणे आहेत, परसू आहे, गॅलरीतली कुंडी आहे. मिरची ही अशी गुणी की तिला एक बादलीभर माती पुरे. ज्यांच्या गावाकडे अजून एखादी घरची मिरची आहे, त्यांनी या उन्हाळ्यात येताना तिचे चांगले पिकलेले दहा-वीस फळांचे बी आणावे. एकाच झाडाचे न घेता आठ-दहा निरोगी झाडांचे घ्यावे, म्हणजे वाणातले आतले वैविध्य टिकते.

एक काळजी मात्र घ्यावी. मिरचीचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, पण मधमाशी शेजारच्या झाडाचा पराग आणून सोडते आणि संकर होतो. भोपळी मिरचीशेजारी लवंगी लावली तर भोपळी तिखट होईल अशी भीती काहींना वाटते. त्या फळाला काहीच होत नाही. फळाची साल आईची असते. बदल होतो तो आतल्या बियांत आणि दिसतो पुढच्या वर्षी. म्हणून बियाण्याच्या फांदीवर कळ्या असतानाच मलमलीची पातळ पिशवी बांधावी, अधूनमधून फांदी हलवावी, फळ धरले की पिशवी काढून दोरा बांधून खूण करावी. फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावे. बी काढून सावलीत वाळवावे, कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: वाणाचे नाव, कोणत्या गावचे, कोणत्या वर्षाचे. दोन-तीन वर्षांत बियांची उगवण मंदावते, म्हणून तेवढ्या अवधीत ते पुन्हा पेरलेच पाहिजे. बी हे सोन्यासारखे तिजोरीत ठेवून वाढत नाही. ते वापरले तरच राहते.

आणि ज्यांना कुंडीचाही उत्साह नाही त्यांच्यासाठी त्याहून सोपे काम आहे. बाजारात मिरची घेताना नुसती 'मिरची द्या' म्हणू नये. कोणती, कोठली, कोणत्या हंगामाची, हे विचारावे. गिऱ्हाईक नाव विचारते तोवर व्यापारी नाव सांभाळतो, आणि व्यापारी नाव सांभाळतो तोवर कोठेतरी एक शेतकरी त्या नावाचे बी राखतो. गिऱ्हाईकाने विचारायचे सोडले की पोत्यावरची चिठ्ठी आधी जाते आणि तिच्यामागून झाड जाते. मसाल्याचे दिवस अजून संपलेले नाहीत. तेव्हा या आठवड्यात तुर्भ्याला जाणाऱ्यांनी हा प्रश्न जरूर विचारून पाहावा.